वक्तशीर, नम्र आणि मेहनती

...डबा दह्याचा होता – एक किलोचा, पांढरा, प्लॅस्टिकचा, कडेचं लेबल अर्धवट खरवडलेलं – आणि तो नुसता धुतलेला नव्हता, लख्ख होता, मसालेभाताच्या हळदीचा डागसुद्धा कुठल्याशा युक्तीने घालवलेला, आणि आत बटरपेपरवर संत्रा बर्फीचे सहा तुकडे ओळीने मांडलेले. श्यामलाने झाकण पुन्हा लावलं. मग उगाच एकदा उघडलं.

दह्याचा डबा कुणी परत करत नाही. सिडनीतल्या मराठी घरांमध्ये हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना येतं : ज्याच्याकडे जाणंयेणं ठेवायचं त्याला स्टीलच्या डब्यातून द्यायचं, तो डबा परत येतो, रिकामा येत नाही, कधी चकल्या येतात, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर येते, आणि बाकीच्यांना दह्याच्या डब्यातून द्यायचं आणि वर म्हणायचं, "परत नको हं करूस, टाकून दे." म्हणजे त्याच्यावर ओझं नको. असं आपण म्हणतो. केलीव्हिलच्या घरी सिंकखालच्या कपाटात असे डबे एकात एक घालून मनोरा केलेला होता आणि विवेक, तिचा नवरा, भूलतज्ज्ञ असल्यामुळे फारसं न बोलणारा, त्या कपाटाला धर्मादाय विभाग म्हणायचा. ती हसायची. स्वप्निलला, तिच्या विद्यार्थ्याला, गणपतीतला मसालेभात तिने त्याच विभागातून दिला होता. तो डबा त्याने परत केला होता, भरून, सकाळी तिच्या ऑफिसच्या दाराशी ठेवून, चिठ्ठीसकट – "ताई आलीय नागपूरहून. अडीचला येतो, मॅडम. लेटरचं लक्षात असू द्या."

लेटरचं लक्षात होतंच. मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीची पीएचडीची स्कॉलरशिप, अर्ज आणि शिफारसपत्र दोन्ही आज पाच वाजेपर्यंत. गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी त्याला नकार आला होता, पण पत्र होतं, तयार होतं, तारीख आणि युनिचं नाव बदलायचं, दोन मिनिटांचं काम. तिने फाइल उघडली आणि नाव बदललं, आणि मग – दोन मिनिटांतलं एक उरलं होतं म्हणून असेल – ते पत्र वाचलं.

स्वप्निल अत्यंत मेहनती, नम्र आणि वक्तशीर विद्यार्थी आहे, असं तिने इंग्रजीत लिहिलं होतं, मेहनतीला 'डिलिजंट' शब्द वापरून. प्रतिकूल परिस्थितीतून आलेला असूनही, इस्पितळात साफसफाईच्या शिफ्ट्स करून त्याने एमए पूर्ण केलं. मिळालेल्या प्रत्येक संधीबद्दल तो कृतज्ञ असतो. मार्गदर्शन मनापासून स्वीकारतो.

लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, हे तिला आठवलं. हेच वाईट होतं. वाईट हेतूने लिहिलं असतं तर निदान सरळ लाज वाटली असती, लाजेला धरायला कडा तरी मिळाली असती... पण हे पत्र तिने प्रेमाने लिहिलं होतं, आणि वाचून पाहिलं तर ते ड्रायव्हर बदलताना जुन्या मालकाने नव्या मालकाला लिहून द्यावं तसं होतं. गाडी स्वच्छ ठेवतो. व्यसन नाही.

शेजारची फाइल वरुणची होती. वरुण महाराष्ट्र मंडळातल्या मंजिरीचा मुलगा, तिला श्यामलामावशी म्हणणारा, त्यांच्या घरून तिच्याकडे गेल्या दहा वर्षांत स्टीलचे डबे इतके आले-गेले की कुठला कुणाचा हे आता दोन्ही घरांत ठाऊक नाही. ती फाइल उघडायची गरज नव्हती. उघडली. मौलिक. निर्भीड. त्याच्याशी वाद घालताना मला दोनदा माझं मत बदलावं लागलं. वरुण सेमिस्टरमध्ये तीनदा आला होता, तिन्ही वेळा उशिरा, आणि तिला आठवत होतं त्याप्रमाणे एकदाही वाद घालण्याइतका तिथे थांबला नव्हता. तिचं मत कुणी बदललं असेल तर...

पण अकराचं लेक्चर होतं.

विषय तिचा हातखंडा : ब्रिटनच्या हुजूर पक्षाने मजुरांसाठी काय केलं. पंधरा वर्षं ती हे शिकवत होती, आणि ऑस्ट्रेलियातल्या, बापजाद्यांपासून मजूर पक्षाला मत देणाऱ्या पोरांना उमरावांबद्दल बरं बोलायला लावण्यात तिला एक खोडकर आनंद होता. दहा तासांचा कायदा. मग अठराशे पंच्याहत्तर सालचे कायदे – कामगारांची घरं, सार्वजनिक आरोग्य, संपाच्या वेळी शांतपणे पहारा करण्याची मुभा. "उदारमतवाद्यांचं गणित चालू होतं, तेव्हा हुजूर पक्षाची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली," हे तिचं वाक्य, त्यावर दरवर्षी हसतात, आजही हसले. पुढची स्लाइड आली : दहा तासांची मागणी यॉर्कशर-लँकेशरमधल्या कामगारांच्या कमिट्यांनी आधी केली होती, पार्लमेंटात बोलायला माणूस हवा होता म्हणून त्या कमिट्या एका लॉर्डसाहेबांपर्यंत पोचल्या. आणि खाली ठळक अक्षरांत एक वाक्य, जे ती दोन सेमिस्टर आपलं म्हणून वाचत होती : त्यांनी लॉर्डला कामावर ठेवलं.

हे वाक्य स्वप्निलचं होतं.

ट्युटोरियलमध्ये, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, सगळ्यांत मागे बसलेला – "मॅडम, एक बोलू? तुम्ही म्हणता त्यांनी दिलं. मला वाटतं यांनी त्याला कामावर ठेवलं. काम होतं ते करून घेतलं. नंतर पुतळा त्याचा झाला, ते वेगळं." सगळी हसली होती. तीही. घरी जाऊन तिने स्लाइड बदलली होती. नाव घालायचं राहून गेलं, म्हणजे... राहून गेलं असं आपण म्हणतो. बाकी पोरं तिला सरळ श्यामला म्हणायची, एक-दोघं तर शॅम. 'मॅडम' म्हणणारा तो एकटाच होता, आणि "अरे, इथे कुणी मॅडम म्हणत नाही" हे तिने त्याला एकदाच सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगावं लागू नये अशा आवाजात नव्हे.

आणि पहिल्या भेटीतलं ते. "मूळचा कुठला?" नागपूर. "नागपुरात कुठे?" त्याने सांगितलं. "अच्छा... आणि आडनाव काय म्हणालास?" आडनाव समोरच्या यादीत होतं. तो अगदी प्रसन्नपणे म्हणाला होता, "मॅडम, तुम्हाला जे विचारायचंय ना, त्याचं उत्तर हो. आम्ही बौद्ध." तेव्हा "छे छे, अरे, तसलं काही नाही," असं ती म्हणाली होती, इतक्या वेळा म्हणाली होती की ते तसलंच होतं हे भिंतीलाही कळलं असेल.

बरोबर अडीचला दार वाजलं. वक्तशीर, असं तिच्या मनात आलंच, आणि तिला स्वतःचा राग आला.

"बर्फी कशी होती?"

"खाल्ली नाही अजून. ताई कधी आली?"

"परवा. आल्यापासून माझा फ्रिज आवरतेय. म्हणते, तू इस्पितळं साफ करतोस आणि घरी हे?" तो बसला. वेस्टमीडच्या इस्पितळातून शिफ्ट संपवून थेट आला होता, पाठीवर सॅक, हातांना जंतुनाशकाचा वास. "मॅडम, प्रपोजल नीट केलंय या वेळी. दीडशे टक्के."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी त्यांचा फीडबॅक आला होता ना. मुलगा सिन्सिअर आहे, पण स्वतंत्र विचार दिसत नाही." तो हसला. "बरोबर 'डिलिजंट' शब्द होता. डिलिजंट रादर दॅन इंडिपेंडंट. ताई म्हणाली, ही शिवी आहे का? म्हटलं, इंग्रजांची आहे, कळायला वेळ लागतो."

श्यामलाने टेबलावरचं पेन सरळ केलं. "हे तू मला सांगितलं नव्हतंस."

"काय सांगायचं? म्हटलं, माझ्यातच काहीतरी कमी दिसत असेल. मग विचार केला. ते तिसरं प्रकरण होतं ना, कमिट्यांचं – लॉर्डला कामावर ठेवलं वगैरे – ते जरा आगाऊ वाटत असणार त्यांना. काढून टाकलं. कमिट्या कमी केल्या, लॉर्ड वाढवले. तुमची पुस्तकं जास्त घेतली. आता कसं गोड झालंय वाचायला."

"स्वप्निल..."

"काय, मॅडम?"

तोंडापर्यंत आलेलं वाक्य साधं होतं, सहा-सात शब्दांचं. ते तिने उच्चारलं नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "पत्र मी नवीन लिहिते."

"कशाला त्रास? मागचंच चांगलं असेल. तारीख बदला, नो वरीज." तो उठला. "वेंटवर्थव्हिलला उतरून ताईला पोहे घेऊन देतो, तिला इथलं काही जात नाही. मग घरून पाचच्या आत अपलोड. थँक्यू हं, मॅडम. खरंच. तुम्ही होतात म्हणून."

तुम्ही होतात म्हणून. दार मिटलं.

तिने नवीन पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. त्याच्या एका वाक्याने मला माझं लेक्चर बदलावं लागलं, आणि ते वाक्य आजवर मी त्याच्या नावाविना वापरत आले – हेसुद्धा लिहिलं, आणि लिहिताना काहीतरी ऊबदार छातीत पसरायला लागलं, डोळ्यांच्या कडा ओल्या होऊ लागल्या, आणि ती थबकली, कारण ही ऊब ओळखीची होती. गेल्या वर्षीही हीच होती. देणाऱ्याची. तेव्हा मेहनती-नम्र देताना जी, तीच आता मौलिक-निर्भीड देताना; दह्याचा डबा तोच, फक्त धुऊन आणलेला. चार वाजून दहा मिनिटांनी तिने पत्र पाठवलं. पण पत्राने काय होणार होतं? ती लिहिणार की हा स्वतंत्र बुद्धीचा, आणि खाली प्रपोजल येणार गोड, लॉर्ड वाढवलेलं, तिसरं प्रकरण कापलेलं – आणि कापणारा समजतो आहे की उणीव त्याच्यात होती.

फोन करायला हवा होता. पाऊण तास होता, प्रकरण त्याच्या लॅपटॉपमध्ये असणारच, परत घालायला दहा मिनिटं पुरेत. "तिसरं प्रकरण परत घाल," एवढं म्हटलं की झालं. तो घालेल. मार्गदर्शन मनापासून स्वीकारतो. थँक्यू म्हणेल. आणि तिच्या खात्यावर – नको, हा शब्द नको – तिच्या नावावर आणखी एक उपकार चढेल, आणि 'डिलिजंट' हा शब्द कुठून निघाला होता ते कुणालाच कळणार नाही.

की तेच सांगायचं. तो शब्द त्यांचा नाही, स्वप्निल. माझा आहे. त्यांनी तो माझ्या पत्रातून उचलला.

तिने नाव शोधलं. स्क्रीनवर ते होतं, पहिलं नाव, आडनाव, दोन्ही, यादीत होतं तसं. तो चिडेल याची भीती तिला वाटत होती असं तिला आधी वाटलं. मग कळलं की तसं नाही. भीती होती की तो चिडणार नाही. पलीकडून ट्रेनच्या घोषणेचा आवाज येईल, आणि तो प्रसन्नपणे म्हणेल, "काही हरकत नाही, मॅडम" – आणि आपल्याला बरं वाटेल. इतकं बरं, की संध्याकाळी विवेकला सांगताना डोळे भरून येतील. म्हणजे ती हा फोन करणार होती तो काहीतरी मागायला, आणि तेही त्याच्याकडूनच.

पहिल्यांदाच तिला वाटलं, त्याने माफ करू नये. वाटलं की नाही, हे नक्की नव्हतं. वाटावं असं मात्र फार वाटलं. चार वाजून वीस झाले होते. अंगठा नावावर टेकलेला होता, आणि तिला जाणवत होतं की लाजेला आता कडा फुटली आहे, धारदार, धरण्यासारखी, आणि ती धरायला आपला हात अजून कचरतो आहे.