चुन्याच्या रेघेवरून

“परत म्हणा, गयाबाई.”

पॅकिंगच्या टेबलावरचे हात न थांबवता गयाबाईने म्हणून दाखवलं, “एमएच झिरो फाइव्ह, चार सात एक नऊ.”

“शाब्बास!” विष्णुपंत खूश झाले. “उद्या साहेब आले की चुन्याच्या रेघेवर उभं राहायचं. समोर पाटी धरतील. हेच म्हणायचं, बास.”

मोरिवलीजवळच्या त्यांच्या कारखान्यात गाड्यांच्या नंबरपाट्यांचा नमुना तयार झाला होता. नंबरांची नवी पद्धत नुकतीच लागू झाली होती आणि पाट्यांचं कंत्राट कुणाला तरी मिळणार होतं. अक्षरं विष्णुपंतांच्या जावयाने काढली होती. बारीक, तिरकी, एकमेकांच्या अंगावर रेललेली. लग्नपत्रिकेवर फार शोभली असती. पण तपासणीच्या साहेबांची अट एकच होती, रस्त्यावरच्या साध्या माणसाला नंबर दुरून वाचता आला पाहिजे.

साधं माणूस शोधायला विष्णुपंतांना डोकं खाजवावं लागलं नाही. गयाबाईंना कुठं वाचता येतंय, पढवलेलं तेवढं म्हणतील, असा त्यांचा हिशेब. तिला विचारायची गरजही वाटली नाही. वा रे हिशेब! धम्म घेतल्यावर गयाबाईच्या बापाने आधी काय केलं असेल, तर पोरीला शाळेत घातलं. ती सातवी पास होती.

आणि नंबर वाचण्यावरून तिने आधीच एकदा ऐकून घेतलं होतं. गेल्या वर्षी बदलापूरच्या रस्त्यावर एक टेम्पो तिच्या लेकीचा, सखूचा, पाय चिरडून पळाला. गयाबाईने डोळे ताणून मागची पाटी पाहिली, पण त्या नक्षीदार आकड्यांतला एकही लागेल तर शपथ. चौकीत हवालदार म्हणाला, “वाचता येत नाही तर तसं सांगायचं ना, बाई.” टेम्पो सापडला नाही. सखू अजून भिंत धरून चालते. तो राग गयाबाईच्या पोटात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप फाटकात शिरली तशी शेजारची बनूबाई कुजबुजली, “म्हणून टाक गं बये. पोरीच्या औषधाला पगार लागतो का नाय?”

गयाबाई पदर खोचून रेघेवर जाऊन उभी राहिली.

अंगणाच्या पार त्या टोकाला जावयाने पाटी छातीशी धरली. उन्हात ॲल्युमिनियम चकाकलं.

“हं, वाचा बाई,” साहेब म्हणाले.

“दिसत नाय.”

विष्णुपंत घाईने पुढे आले. “घाबरल्यात, साहेब. गयाबाई, म्हणा की!”

“नाय दिसत, मालक.”

विष्णुपंतांचा चेहरा उतरला. मग ते साहेबांकडे वळून हसले. “चूक आमचीच. बाईंना वाचता येत नाही.”

अंगणातल्या टेबलाशी बसलेल्या बायांनी माना वर केल्या. गयाबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

“एमएच झिरो फाइव्ह, चार सात एक नऊ,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “हे मला कालच पाठ करायला लावलंय, साहेब. आता पाठ केलेलं म्हणू, का दिसतंय ते म्हणू?”

जावयाने पाटी खाली घेतली. साहेब आले आणि तिच्या शेजारी, त्याच रेघेवर उभे राहिले. “धरा वर,” ते जावयाला म्हणाले. बराच वेळ पाहत राहिले. चष्मा पुसला, परत पाहिलं.

“अक्षरं बदला,” एवढंच बोलून ते जीपकडे निघाले.

जीप फाटकाबाहेर जाईपर्यंत विष्णुपंतांनी दम धरला. मग दात आवळून म्हणाले, “उद्यापासून यायचं नाही.”

गयाबाईने मान खाली घातली नाही.

“तसं लिहून द्या,” ती म्हणाली. “का काढलं, तेपण लिवा. मी वाचून बघीन, मग सही करीन.”

कुणीतरी कागद आणून देईल म्हणून विष्णुपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलाशी बसलेल्या बायांतली एकही उठली नाही.

“टेबलावर माल पडलाय, बसा जा कामाला,” ते शेवटी पुटपुटले आणि ऑफिसात गेले.

गयाबाई जागेवर येऊन बसली. बनूबाईने सुतळीचा बिंडा तिच्याकडे सरकवला.