रेडिएटरमधली हळद

शुक्रवारी माजिवड्याच्या पुलावर आमचा ट्रक तिसऱ्यांदा वाफ सोडत उभा राहिला आणि बाबांनी सहदेवकाकांना कामावरून काढायचं ठरवलं. नुसतं ठरवलं नाही. ट्रक ओढून विठ्ठलवाडीच्या गॅरेजमध्ये नेला, तिथे चार माणसांसमोर ते बोलले, "सहदेव, सकाळी साधं झाकण उघडून बघायचा कंटाळा येतो तुला?"

हे मला बाबांनीच रात्री जेवताना सांगितलं. सोमवारपासून नवा ड्रायव्हर येतोय, हेही त्याच घासाबरोबर.

"पण लीकेज असेल तर?" मी विचारलं.

"गॅरेजवाल्या सुदेशने तपासलं. लीकेज नाही म्हणतो. पाणी न घालता गाडी पळवली, आता इंजिन उघडावं लागणार."

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलंय आणि पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एखादी गोष्ट सापडली नाही तर 'नाही' असं लिहीत नाहीत. 'आढळली नाही' असं लिहितात आणि शेजारी कुठल्या पद्धतीने शोधली तेही लिहावं लागतं. सुदेशची पद्धत म्हणजे थंड इंजिनावरून हात फिरवणं. त्या हातावर विसंबून बाबांनी एकोणीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाची नोकरी आणि अब्रू दोन्ही घालवली. बाबा बँकेत होते. समोरच्या माणसाची सही पटल्याशिवाय त्यांनी कधी कागद पुढे सरकवला नसेल.

रविवारी सकाळी मी गॅरेजला गेले, तेव्हा सहदेवकाका केबिनमधलं आपलं सामान पिशवीत भरत होते. चादर, स्टीलचा डबा, गणपतीचा फोटो.

"काका, तुम्ही पाणी घालत होतात की नाही?"

"उर्वीताई, रोज पाच लिटर जायचं. मोहन्याला माल भरताना घालायचं, माजिवड्याला पोचल्यावर परत घालायचं. शुक्रवारी पुलावरच ट्रॅफिकमध्ये अडकलो, तिथं कुठं पाणी?"

"बाबांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलेलं ना. गॅरेजवाला नाही म्हणतो, तर शेठ गॅरेजवाल्याचं ऐकणार."

मी बॉनेट उघडायला लावलं आणि रेडिएटरचं झाकण काढलं. आत विटकरी पाणी होतं. वास मात्र ओळखीचा होता, स्वयंपाकघरातला.

"यात काय टाकलंय?"

काका पिशवीची गाठ मारत बसले. गाठ मारून झाली, सोडली, परत मारली.

"हळद," ते म्हणाले. "दोन मुठी. माझे उस्ताद टाकायचे. बारीक भोक असलं तर हळद जाऊन बसते. मंगळवारी टाकलेली. सुदेशने बजावलेलं, रेडिएटरमध्ये काही टाकायचं नाही. शेठना कळलं असतं तर काढलं असतं मला."

"आणि आता?"

"आता काय, काढलेलंच आहे. सांगायला हरकत नाही."

मला त्यांचाही राग आला. हळदीने गळती बंद होत नाही, फक्त लपते. गार असताना भोकात हळदीचा चिखल बसतो आणि सगळं कोरडं दिसतं. इंजिन तापलं, पाण्याचा दाब वाढला, की तोच चिखल पाण्याबरोबर बाहेर पडतो.

बाहेर पडतो, म्हणजे बाहेर कुठेतरी लागलेला असणार.

प्रश्न एवढाच होता की सतरा-अठरा वर्षांच्या इंजिनावर सगळीकडे गंज आणि तेलकट माती. त्यात हळद डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. पण आमटी सांडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. गंजाचा डाग लाल होत नाही. मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून धुण्याचा सोडा आणला, मेडिकलमधून कापूस, आणि बाटलीत सोड्याचं पाणी केलं. काकांनी झाकण परत लावलं, गाडी चालू करून अर्धा तास ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. मग बंद करून हात लावता येईल इतकी निवू दिली.

सुदेश चहाचा ग्लास घेऊन बघायला आला. "काय मॅडम, इंजिनाला फेशियल करताय?"

"तुम्ही केलं असतंत तर मला करावं लागलं नसतं."

वरच्या पाइपच्या जोडावर सोड्यात भिजवलेला कापूस फिरवला. तपकिरी. खालच्या पाइपचा जोड, तपकिरी. पाण्याचा पंप, तपकिरी. सुदेश टायरवाल्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. काका माझ्यामागे बॅटरीचा उजेड धरून उभे होते.

ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या कुशीत खाली असतो. तोही तापतो, म्हणून त्याला पाण्याची एक बारीक नळी जाते. तिथे मान घालावी तेव्हा हात पोचतो. सातवा बोळा त्या नळीच्या बोल्टखाली फिरवून बाहेर काढला, तर तो लाल झाला होता. कुंकू हळदीत चुना कालवून करतात, अगदी तसा.

मी तो सुदेशच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"हा कॉम्प्रेसर शेवटचा कोणी खोलला होता?"

सुदेशने ग्लास उचलून चहा संपवला. काका बोलले. "यानेच. होळी झाल्यावर. तेव्हापासूनच पाणी जायला लागलं."

"बोल्ट काढा," मी म्हटलं.

त्याने काढला. नळीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे पातळ वायसर होते, पाणी अडवणाऱ्या चकत्या. मी ते पुसून उजेडात धरले. वायसर एकदा आवळला की त्यावर गोल वळ उठतो. इथे प्रत्येकावर दोन वळ होते, एकमेकांपासून सरकलेले. म्हणजे दोनदा आवळलेले. दाबलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. हे पुस्तकात आहे आणि सुदेशच्या हाताला पुस्तकापेक्षा जास्त माहीत असणार.

"जुना चालतो मॅडम. सगळेच लावतात."

"चालला का?"

"यांनी हळद टाकली म्हणून सापडलं नाही मला."

"हळद मंगळवारी टाकली. पाणी जातं म्हणून पहिल्यांदा गाडी इथे आली त्याला तीन आठवडे झाले. तेव्हा काय होतं आड?"

तो आत गेला आणि ड्रॉवरमधून दोन नवे वायसर घेऊन आला. ड्रॉवरमध्ये होते. होळीपासून तिथेच होते.

मी बाबांना फोन केला. ते डोंबिवलीहून येईपर्यंत नवे वायसर बसवून, रेडिएटर तीनदा धुऊन झाला होता आणि स्वच्छ पाणी भरलं होतं. बाबांनी कापूस पाहिला, वायसर पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला.

"चला, इंजिन उघडायचं वाचलं," ते म्हणाले आणि किल्ली काकांपुढे धरली. "उद्या सहाला मोहन्याला पोच."

एवढंच. मी तोंड उघडणार, तोच काका बोलले. त्यांनी किल्ली घेतली नव्हती.

"शेठ, शुक्रवारी इथंच बोललात. सुदेश होता, हे वेल्डर होते, हा टायरवाला होता, एक रिक्षावाला होता. तिघं आत्ता पण आहेत. चौथ्याला मी सांगेन."

बाबांनी सुदेशकडे पाहिलं. सुदेश पाना पुसत होता.

"सहदेव रोज पाणी घालत होता," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मी न पाहता बोललो."

कोपऱ्यातल्या वेल्डरने मशीन बंद केलं आणि तोंडावरची ढाल वर केली. "परत बोला शेठ. मशीनमध्ये ऐकू नाही आलं."

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, मला आजही माहीत नाही. बाबांनी परत सांगितलं. या वेळी मोठ्याने, आणि 'चूक माझी झाली' हे शब्द त्यात जास्तीचे होते. नव्या ड्रायव्हरला त्यांनी तिथूनच फोन लावला.

काकांनी गणपतीचा फोटो काचेपाशी पुन्हा लावला. आम्ही तिघं माजिवड्यापर्यंत जाऊन आलो. येताना बाबांनी हळदीचा विषय काढला, "ते पुन्हा करू नकोस," आणि काका "नाही" म्हणाले. त्या 'नाही'वर माझा विश्वास बसला नाही.

परत आल्यावर काकांनी इंजिन पूर्ण निवू दिलं. बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा काढून बाबांच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

"या शेठ. झाकण उघडून बघा. कंटाळा येत नसेल तर."

बाबांनी पंचा झाकणावर टाकला, ते फिरवलं आणि वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाणी भरलं होतं तेवढंच, गळ्यापर्यंत होतं.