तरटाखालच्या पोरी

जुने दिवस लई चांगले होते असं ज्याला वाटतं, त्याला एक दिवस खकाण्यात बसवावं, असं माझं मत हाय. खकाणा म्हंजे तंबाखूची धूळ. निपाणीच्या वखारीत हवा कमी आणि खकाणा जास्ती असायचा. नऊ वर्षांची असताना मी त्यात बसलो. आज नातीचं लग्नाचं वय झालं, तरी फोडणीचा ठसका लागला की मला अजून वखारच आठवती.

मी मनुबाई. आमच्याकडं बायकाबी 'आलो-गेलो'च म्हणत्यात. माझ्या नातीला, करिष्माला, ते ऐकून हसू येतं. येऊ दे. बेळगावात मुलाजवळ असतो. मुलगा प्रज्ञेश बँकेत हाय, करिष्मा कॉलेजात. माझी थोरली बहीण गंगव्वा, जिला सगळं घर आक्का म्हणतं, तीबी तिचा म्हातारा गेल्यापासनं आमच्यातच हाय. दोघी एका खोलीत. ती बोलत न्हाय, मी थांबत न्हाय. चाललंय बरं.

तर एक दिवस करिष्मानं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "आज्जी, बघ, तुमची वखार."

आमच्या शेठचा नातू, सौरव नावाचा, जुन्या वखारीत फोटोंचं प्रदर्शन लावणार होता. आजोबांच्या पेटीत फोटो सापडलेले. त्याला नाव दिलंतं 'सोनेरी पानांचं गाव'. खाली लिहिलं होतं, त्या काळात वखारीत राबलेल्या सगळ्या आयाबायांनी पहिल्या दिवशी यावं, पहिला मान त्यांचा.

"सोनेरी पान म्हणे," मी म्हटलं. "आमच्या नाकातनं काळं यायचं, ते कुठल्या पानाचं, विचार त्याला."

करिष्मा हसली. आक्का कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, "मी येतो."

माझ्या हातातला कप तसाच ऱ्हायला. आक्का त्या गल्लीत पाय ठेवत न्हाय. तिचं सासर निपाणीतच, पण बाजाराला जाताना लांबचा वळसा घालून जायची. का, ते तिच्या नवऱ्यालाबी कधी कळलं न्हाय. मला ठाऊक हाय. त्या कारणाचं नाव मंगल.

सांगतो. आक्का तवा सतरा-अठराची. लहान पोरांना वखारीत घ्यायचं न्हाय असा कायदा होता, म्हंजे कागदावर होता. तपासायला साहेब आला की मुकादम दारातनं शीळ घालायचा. बायका आम्हा पोरींना तंबाखूच्या ढिगाकडंला आडवं करून वरनं गोणपाटाचं तरट टाकायच्या. साहेब चहा पिऊन गेला की तरट उचलायच्या. आमचा तो खेळच झालता. कोण आधी शिंकतं त्यावर पैज लागायची.

त्या दिवशी शीळ वाजली आणि आक्कानं आम्हाला तरटाखाली ढकललं. माझ्या शेजारी मंगल, माझ्याहून लहान. ते कुटुंब खानापूरकडचं. बाप भरमू हमाली करायचा, आई आक्काच्या बाजूला बसून तंबाखू चाळायची. पण आलेला माणूस साहेब नव्हताच. शेठनं कोल्हापूरचा फोटोवाला बोलावलता. तीन पायांचं यंत्र, वर काळं फडकं. बायकांनी असलं कधी बघितलेलं न्हाय. त्यांना वाटलं, सरकारनं आता पुराव्याला यंत्र पाठवलंय, तरट हललं तरी त्यात उमटंल. मग कोण कशाला तरटाला हात लावतंय? फोटोवाला म्हणाला नाकावरची फडकी काढा, काढली. कौलं सरकवा, उजेड येऊ दे, सरकवली. हलू नका म्हणाला, हलल्या न्हाईत. आणि आक्का ढिगाच्या म्होरं उभी, तरटाचं टोक पायाखाली दाबून.

लई वेळ लागला. शेठ मधीच टोपी बदलून आला, म्हणून परत पहिल्यापासनं.

तो माणूस गेला, तरट उचललं, आम्ही खोकत उठलो. मंगल उठली न्हाय. तोंडाला फेस, अंग गार. तिच्या आईनं तिला पदरात गुंडाळली आणि बाहेर पळाली, मागनं भरमू. त्यानंतर त्या घरातलं माणूस निपाणीत कुणी बघितलं न्हाय. दिवाळीला भरमूच्या गावाकडनं, नंदगडाकडनं आलेला एक गाडीवान म्हणाला, भरमूच्या घरात मयत झालंय. बास. एवढ्यावर गल्लीनं ठरवून टाकलं पोरगी गेली म्हणून, आणि आक्कानं ते अंगाला लावून घेतलं.

मी एकदा तिला म्हटलंतं, "आक्के, शीळ मुकादमानं घातली, फोटो शेठला पायजे होता. एवढी मोठी माणसं सोडून तू कशाला कुढत बसतीस?"

"पाय माझा होता," ती म्हणाली.

तर आम्ही तिघी निघालो. आमच्या कर्नाटकात बायकांना बस फुकट हाय. कंडक्टर "आधार तोरिसी" म्हणाला, कार्डं दाखवली, बसलो. आक्का विहारात जायची पांढरी साडी नेसून आलती. संकेश्वर मागं पडलं. मग मी विचारलं, "आक्के, तुला तिथं बघायचंय तरी काय?"

"तिचा फोटो असंल कुठंतरी," ती खिडकीकडं बघत म्हणाली. "मला तिचं तोंड आठवंना झालंय, मने. रोज रातीला आठवायचं, ते आता जमंना. एकदा तोंड बघतो, हात जोडतो. मग मरायला मोकळी."

मला तिचा असा राग आला, आणि असं भरूनबी आलं, की मी पिशवीतली केळी काढून करिष्माच्या हातात कोंबली आणि तवंदीचा घाट उतरेपर्यंत बाहेर बघत बसलो.

वखार ओळखू येईना. भिंती पांढऱ्या केलेल्या, वरनं दिवे सोडलेले, दारात कुंड्या. एका कोपऱ्यात कॉफी. जिथं आम्ही जेवायला बसलो की भाकरीवर खकाणा पडायचा, तिथं आता लाद्या चकचकीत. भिंतीवर फोटो. बैलगाड्यांची रांग पार वेशीपर्यंत. आढ्याला टेकलेले तंबाखूचे बोद, म्हंजे मोठाले गठ्ठे. दसऱ्याला झेंडू घातलेला वजनाचा काटा. कोट घातलेला शेठ, टोपी घातलेला शेठ, पान खाणारा शेठ.

गावातली बडी मंडळी हातात कप घेऊन उसासे टाकत होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय रया होती गावाला. सगळ्या निपाणीत वास सुटायचा, अहाहा."

"व्हय की," मी म्हटलं. "तुमच्या माडीवर नुसता वास यायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं, मामा." ते कॉफी प्यायला लागले.

सौरव पोरगा मात्र बरा होता. वाकून नमस्कार केला, खुर्च्या दिल्या. "आज्जी, तुम्ही कुठल्या फोटोत आहात?" त्यानं विचारलं आणि आम्हाला समोरच्या भिंतीकडं नेलं.

तोच फोटो. भिंतभर मोठा केलेला. बायका रांगेत उभ्या, नाकावरची फडकी गळ्यात, आणि वरच्या सरकवलेल्या कौलातनं त्यांच्यावर ऊन पडलेलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. ह्या सगळ्या मला पोटच्या पोरीसारखं वागवायच्या, आपल्या भाकरीतली अर्धी द्यायच्या, आणि त्यांची तोंडं मी अशी उघडी, उजेडात, कामाच्या जागी कधी बघितलीच नव्हती. आता एकबी न्हाय त्यातली, आक्का सोडून. वखारीचा मला तिटकारा हाय, पण ह्या बायका मला परत पायजेत. ते बडे लोक उसासे टाकत होते त्यांच्यावर मी उगाच तोंड सोडलं, असं क्षणभर वाटून गेलं.

"आक्काआज्जी, ही तू?" करिष्मा म्हणाली. "काय भारी दिसतीस."

आक्का स्वतःच्या तोंडाकडं बघतच नव्हती. तिचं लक्ष खाली. तिथं पाऊल होतं, आणि पावलाखाली तरट. एवढा मोठा केल्यावर तरटाची वीणबी दिसत होती.

मग ती एकेका फोटोपुढं जाऊ लागली. चष्मा वर-खाली करत, काचेला नाक लावून, कडंकडंनं बघत. मी लांबनं बघत होतो. ह्या फोटोत न्हाय, त्या फोटोत न्हाय. मला कळून चुकलं, तिला काय मिळणार न्हाय. एकाबी फोटोत पोर नव्हतं. यंत्र आलं की शीळ, शीळ आली की तरट.

तेवढ्यात सौरव शेजारच्या माणसांना मोठ्या अभिमानानं सांगायला लागला, "आजोबांनी लहान मुलं कधीच कामाला लावली नाहीत. बघा, कुठल्याही फोटोत मूल नाही."

आता ह्याला सोलून काढावा म्हणून मी पदर खोचला. तोंड उघडणार, तर माझ्या पाठीमागनं एक बाई शांतपणानं म्हणाली, "ह्या फोटोत मी हाय, बाळ. दिसत न्हाय, पण हाय. त्या तरटाखाली."

माझं वाक्य. माझ्या ओठावरचं वाक्य दुसऱ्याच बाईच्या तोंडातनं आलं.

वळलो. माझ्याच वयाची बाई, जरा बारकी, सुती साडी, खांद्याला पर्स, बरोबर सून असावी. ती सौरवला सांगत होती, "आम्ही तिघी-चौघी होतो आत. एक मनी होती, ती लई चिमटे काढायची."

सौरवला सोलायचं काम मी विसरूनच गेलो.

"मंगल?" मी म्हटलं.

तिनं चष्म्यातनं बघितलं. "तुम्ही कोण?"

"चिमटे काढणारी."

तिनं माझं मनगट धरलं ते सोडंना. मला हसू येत होतं आणि डोळ्यातनं पाणी गळत होतं. ती भडाभडा सांगत सुटली. गावाकडं जाणाऱ्या ट्रकात संध्याकाळी तिला शुद्ध आलती. बापानं तिथंच शपथ घेतली, पोरीला परत वखारीचं दार दाखवणार न्हाय. दिवाळीत तिची आज्जी वारली, ते मयत. मग नंदगडात शाळा, पुढं बेळगावात नर्सचं शिक्षण, सरकारी दवाखान्यात नोकरी, आता रिटायर. "त्या दिवशी मी बेशुद्ध पडलो न्हायतर आमचा बाप कुठला गाव सोडतोय," ती म्हणाली. "माझी शाळा तरटाखालीच सुरू झाली बघ, मने."

"ऱ्हातीस कुठं?"

"उचगावात, लेकाजवळ."

उचगावात! आमच्या दारातनं रिक्षा जाती उचगावला. इतकी वर्षं मी त्याच बाजारात भाजी घेतो, तीबी घेत असणार, आणि आमची आक्का इकडं रोज रातीला मेलेल्या पोरीचं तोंड आठवत बसलेली. मला दैवाचा एवढा संताप आला, आणि त्याच घटकेला छातीवरचा बोद कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं.

मी मंगलला आक्काबद्दल सांगितलं, चार शब्दात. तिला काही ठाऊकच नव्हतं. पाय कुणाचा, तरट कुणी टाकलं, काही न्हाय.

आक्का पार टोकाच्या भिंतीला, आमच्याकडं पाठ करून, शेवटच्या फोटोत तोंड घालून उभी. हाक मारावी तर धसक्यानं पडंल असं मला भ्या वाटलं. मंगलच पुढं झाली. दवाखान्यात काम केलेली बाई, कुणाजवळ कसं जायचं ते तिला ठाऊक. बाजूला जाऊन उभी ऱ्हायली आणि म्हणाली, "आक्का, मी मंगल. भरमूची मंगल."

आक्कानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि काय करावं? चिडली. "कुठं मेलीतीस गं एवढी वर्षं? एक निरोप धाडता येत न्हाय?"

"चुकलं, आक्का," मंगल म्हणाली. जसं काय तिचंच चुकलंतं.

"खोटं बोलतीस तू." आक्काचा आवाज एकदम बारीक झाला. "कुणीतरी पाठवलंय तुला, म्हातारीचं समाधान व्हावं म्हणून. ह्या मनीचंच काम असणार. त्या दिवशी तुझी आई उचलायच्या आधी मी तुझ्या नाकाखाली बोट धरलंतं. काय लागलं न्हाय."

हे तिनं मलाबी कधी सांगितलं नव्हतं. आज्जी वारली, ट्रकात शुद्ध आली, हे सगळं सांगायला मी पुढं झालो, तर करिष्मानं माझा दंड धरला.

मंगलनं आक्काचा उजवा हात उचलला, त्याचं एक बोट सरळ केलं आणि आपल्या नाकाखाली धरलं.

आक्कानं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, एकेक श्वास मोजल्यासारखे. बराच वेळ गेला, तरी ती बोट काढंना. मंगलनं काढायला लावलं न्हाय. ती तिथंच उभी ऱ्हायली आणि आक्काचं पोट भरेपर्यंत श्वास घेत ऱ्हायली.