नाव घातलेला फ्रॉक

मी एक फ्रॉक बोलतोय. बोलायची मला हौस नाही. जे सांगायचं ते माझ्या छातीवर लाल दोऱ्यानं लिहिलेलंच होतं, आणि त्यानं व्हायचं तेवढं वाटोळं केलं. आता ती अक्षरं उसवलीत, म्हणून तोंड उघडायचा धीर होतोय.

माझा जन्म भिंगारचा, एकाहत्तर सालच्या दिवाळीआधीचा. पुष्पावतीबाईंच्या ओसरीत दर गुरुवारी दुपारी बायका शिवायला बसायच्या. नाव मोठं झोकदार, भगिनी शिवण मंडळ. प्रत्यक्षात एक शिलाई मशीन, पाच-सहा बायका आणि सारखं चढवलेलं चहाचं आधण. मशीन शमशादबी चालवायच्या, काजं-बटणं मुक्ताबाईंकडे, आणि सगळ्यांना कामाला जुंपणं पुष्पावतीबाईंकडे. त्यांचे यजमान लष्कराच्या कचेरीत कारकून होते, पण हुकूम घरात बाईंचेच चालायचे. दवाखान्याला दुपटी, अनाथाश्रमाला चड्ड्या असं काहीबाही शिवून दिलं जायचं. त्या वर्षी ठरलं, नगरच्या मुलींच्या वसतिगृहाला फ्रॉक द्यायचे. तिथं पाथर्डीकडच्या मुली राहायच्या. आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला गेले की या मुली शाळेसाठी मागं राहायच्या.

निळ्या पॉपलीनचं ठाण आलं, कापाकापी झाली, आणि मुक्ताबाईंनी विषय काढला की यावर नाव घालायला हवं. अहेराच्या पातेल्यावर आपण नाव घालतो, मग फ्रॉकनं काय घोडं मारलंय? दिलं कुणी ते कळायला नको का? सगळ्यांना पटलं. पटणारच, कारण त्या ओसरीतल्या प्रत्येकीच्या फळीवर माहेरच्या, सासरच्या, मावशी-आत्यांच्या नावांची भांडी रांगेनं मांडलेली होती. मग ज्या फ्रॉकला जी हात लावेल तिनं त्यावर आपलं नाव घालायचं ठरलं. मुक्ताबाईंचं ‘सौ. मुक्ताबाईकडून सप्रेम भेट’ तर छातीवर मावेना, ते पार बगलेपर्यंत गेलं.

मी मात्र पुष्पावतीबाईंचा. त्यांनी मला कुणाला हात लावू दिला नाही. त्यांची मुलगी शैला दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेली होती. तिचा एक जुना फ्रॉक समोर ठेवून त्यांनी मला बेतला, आणि साखळीटाक्यानं माझ्या छातीवर अक्षरं काढली, ‘कै. कु. शैला हिच्या स्मरणार्थ’. एकेक अक्षर काढताना त्यांचे ओठ हलत होते. शमशादबींनी मशीन थांबवलं होतं. मुक्ताबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तिथीही घाला म्हणाल्या, पण जागा उरली नव्हती.

हा फ्रॉक एक जिवंत मुलगी घालणार आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. उलट मला वाटलं, सगळ्या फ्रॉकांत मानाचा मीच. आज ते आठवलं की शिवणीशिवणीतून लाज वाटते.

मी बनूच्या वाट्याला आलो, कारण माप तिचं होतं. तिसरीतली काटकुळी पोर. नवा कपडा बघून ती इतकी हरखली की घडी मोडायलाच तयार नव्हती. घातला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी वाचलं.

सगळ्याच मुलींची चेष्टा झाली. ‘सौ. मुक्ताबाई’ लिहिलेला फ्रॉक घातलेली एक ढब्बू पोरगी तर कमरेवर हात ठेवून तोऱ्यात फिरायची, तिला गंमत वाटायची. पण बनूचं नाव ‘कै.’ पडलं. कै. आली, कै. गेली, कै. पाणी आण. आणि जेवायला बसलं की कुणीतरी गच्चीकडे तोंड करून ‘काव काव’ करायचं, कावळा शिवल्याशिवाय कै. जेवायची नाही म्हणून. सगळ्या हसायच्या. बनू ताट तसंच ठेवून उठायची. तिच्या छातीत काय होतं ते मला वरून कळायचं.

मग ती मला उलटा घालू लागली. अक्षरं आत, गाठी बाहेर. आतला दोरा तिला टोचायचा, पण ती सुलटा करायची नाही. वसतिगृहात दुसरा धड कपडा तिच्यापाशी नव्हता. शेवटी गावाकडच्या एका माणसाबरोबर तिनं आईला निरोप धाडला की मला न्यायला ये, मला शाळा नको.

तिची आई साळूबाई आली तो दिवस नेमका शैलाच्या तिथीचा. पुष्पावतीबाई मुलींसाठी बुंदीचे लाडू घेऊन आल्या होत्या. अंगणात त्यांची नजर माझ्यावर गेली. आपला फ्रॉक आणि उलटा. त्या चिडल्याच. एवढी घोडी झालीस, उलटसुलट कळत नाही, आम्ही काय डोळे फोडून शिवतो ते याच्यासाठी का, असं सगळ्यांदेखत बोलल्या आणि म्हणाल्या, “आत जा आणि नीट घालून ये.”

बनू आत गेली आणि मला सुलटा करून बाहेर आली. मान खाली. लगेच मागून काव काव झालं आणि खसखस पिकली. पुष्पावतीबाईंना आधी कळेना की पोरी हसतात कशाला. साळूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्यावरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाई, ह्ये काय लिवलंय?”

 पुष्पावतीबाईंनाच सांगावं लागलं.

“कै. लिहिलंय.”

“म्हंजी काय?”

“म्हणजे... गेलेली.”

“कोन गेलेली?”

“माझी मुलगी. शैला.”

 साळूबाईनं पिशवीतून जुनं परकर-पोलकं काढलं, बनूला तिथंच आडोशाला नेऊन ते घातलं, आणि मला घडी करून पुष्पावतीबाईंच्या हातात दिलं.

“तुमची गेली, त्याचं लई वाईट वाटतंय बाई,” ती म्हणाली. “पन माझी हाय ना अजून.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मायलेकी एसटी स्टँडकडे गेल्या आणि लाडवांचा डबा तसाच राहिला.

पुष्पावतीबाई मला पदराखाली झाकून घरी घेऊन आल्या. त्या गुरुवारी मंडळ बसलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, पोरीला रागावले तेसुद्धा. मुक्ताबाई म्हणाल्या, आपण तर चांगल्या मनानंच केलं होतं. पुष्पावतीबाई म्हणाल्या, “चांगल्या मनानं केलं, पण मन आपलं होतं आणि अंग तिचं.”  सगळे फ्रॉक परत मागवले, नावं उसवली, आणि त्या जागी एकेक मोठा खिसा बसवला. माझीही अक्षरं उसवली, पण मला खिसा बसवला नाही. मुली खिशावर खूश झाल्या. पण बनू तिथं नव्हती.

उन्हाळ्यात पुष्पावतीबाई एकट्या एसटीनं बनूच्या गावी जाऊन आल्या. मला नेलं नाही, त्यामुळे तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. आल्यावर त्यांनी हातपायही न धुता मला समोर पसरलं आणि टेप लावली, एवढं मी पाहिलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साळूबाई बनूला घेऊन ओसरीत उभी राहिली. पोर उन्हाळ्यात वाढली होती, मी तिला झालो नसतो. पुष्पावतीबाईंनी माझ्यावरून माप घेऊन, वाढवून, नवा फ्रॉक शिवून ठेवला होता. पिवळा, फुलाफुलांचा. त्यांनी तो पुढं केला.

साळूबाईनं तो पोरीला दिला नाही. आधी आपल्या मांडीवर पसरला. मग तळहातानं छाती चाचपली, पाठ चाचपली, कॉलर, घेर, उलटा करून आतली बाजूसुद्धा. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती हातानं अक्षरं शोधत होती.

“कुटं काय लिवलं न्हाई ना, बाई?”

“नाही,” पुष्पावतीबाई म्हणाल्या. त्यांना मान वर करता आली नाही.

बनू शाळेत राहिली. मी ट्रंकेत गेलो.

तेव्हापासून इथंच आहे, शैलाच्या जुन्या फ्रॉकशेजारी. वसतिगृहाच्या दोरीवर वाळून वाळून माझा निळा रंग विटला, पण दोऱ्याखालचं कापड होतं तसंच राहिलं. त्यामुळे टाके निघाले तरी अक्षरं गडद निळी दिसतात. ती आता जायची नाहीत, आणि मला कुणाच्या अंगावर जाता यायचं नाही. माझं एवढंच ऐका. कुणाला काही द्याल तर जरूर द्या. नाव घालायचंच तर पातेल्यावर घाला. पातेल्याला कुणी चिडवत नाही.

शैलाच्या तिथीला पुष्पावतीबाई ट्रंक उघडतात, मला मांडीवर घेतात आणि अक्षरांवरून बोट फिरवतात. बोट ‘शै’पासून सुरू होतं. त्याच्या आधीच्या अक्षरांवर त्या दुसरा तळहात झाकून धरतात.