रझियाची उंडी

मी उंडी. झाडच आहे, मित्रांनो. नाव ऐकून हसू नका. कर्वेनगरात सगळेच आधी हसतात. माझ्या नात्यातली झाडं हर्णैच्या किनाऱ्यावर बारमाही हिरवीगार उभी असतात. मला मात्र समुद्र आठवतही नाही. मी बी होते, तेव्हाच रझियानं मला माहेरून डब्यात घालून पुण्याला आणलं.

सोसायटीच्या पार्किंगशेजारी तिनं मला लावलं. तिला एकच हवं होतं: माहेरच्या अंगणात यायचा तो उंडीच्या फुलांचा वास, पुन्हा एकदा. त्यासाठी माहेरच्या दर खेपेला ती बाटलीभर समुद्राचं पाणी आणून मला घाली. बाटली संपली की स्वयंपाकघरातलं मीठ! पानं करपली तेव्हा वॉचमन धोंडिबा ओरडला, “अवं भाभी, झाड हाय ते, लोणचं न्हाय!” खरं सांगू? मला खारं पाणी चालतं, पण ते लागतंच असं नाही. मग ती मुकाट्यानं नळाचं पाणी घालू लागली.

संध्याकाळी माझ्या जाड पानांत वारा शिरला की ती डोळे मिटून उभी राही. चौदा वर्षं गेली. मी दुसऱ्या मजल्याला पोचले, पण फूल काही येईना. मग तिचे गुडघे गेले. लेक मेहनाज तिला कात्रजला घेऊन गेली. मला तिची फार आठवण यायची हो.

इकडे सेक्रेटरी अभयरावांनी अगदी बुंध्यापर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवले. कशासाठी, तर स्वच्छता! मुळांना पाणी मिळेना. पानं पिवळी पडली, आणि फळ्यावर नोटीस लागली: ‘झाड वाळले आहे. परवानगी मिळाली आहे. रविवारी तोडले जाईल. गाड्या हलवाव्यात. पुन्हा सांगितले जाणार नाही.’

धोंडिबानं फोन केला. शनिवारी रझिया रिक्षानं आली, हातात तीच बाटली. तिनं ओतलेलं पाणी सिमेंटवरून सरळ गटारात गेलं.

“अहो, ही वाळली नाही, तहानलीय,” ती अभयरावांना म्हणाली आणि रडूच लागली. “एकदा फुलू द्या हो हिला.”

अभयरावांनी ब्लॉकवरून गटारापर्यंत गेलेला पाण्याचा ओघळ पाहिला. मग म्हणाले, “धोंडिबा, पहार आणा.”

बुंध्याभोवती हातभर माती मोकळी झाली. मित्रांनो, तुमच्या दारातल्या झाडालाही तेवढी माती ठेवा. आणि माझं एक काम करा. त्यानंतर एक पावसाळा गेला, आणि आज सकाळी मला पहिली फुलं आली आहेत, पांढरी, मधे पिवळी. वास इथेच घुटमळतोय, कात्रजपर्यंत काही पोचायचा नाही. तिकडे कुणी जाणार असाल तर रझियाला सांगा, लवकर ये म्हणावं. ही फुलं फार दिवस टिकत नाहीत.