देवीने ठरवलेला डोस

तोंडवलीत सर्वेशच्या घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची बायको संचिता केस सोडून तुळशीपुढे उभी होती आणि ज्याला त्याला त्याच्याच घरचं गुपित सांगत होती. चार दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"देवी हिच्या तोंडान बोलता म्हाराजा," गावासाठी देवीला कौल लावणाऱ्या घाडी दाजीने गाऱ्हाणं घातलं.

"होय म्हाराजा," गर्दी म्हणाली. बोलत होती देवी, नारळ मात्र दाजीच्या पिशवीत जात होते.

संचिताची धाकटी बहीण नम्रता मालवणात औषधाच्या दुकानात कामाला. ती आली ती तडक आत गेली. संचिताच्या मेंदूतल्या ग्रंथीवर गाठ होती, तिच्यामुळे संप्रेरकं बिघडली होती. त्यावरची गोळी आठवड्यातून दोनदा, अर्धी अर्धी घ्यायची. चार गोळ्यांचं पाकीट महिनाभर पुरायला हवं. देव्हाऱ्यात सहा रिकामी पाकिटं पडली होती.

"भावोजी, ही रोज गोळी घेता?"

सर्वेशने मान खाली घातली. "दाजीन कौल लावलो. देवीन उजवो दिल्यान, रोज घे म्हणान."

"देवीक डॉक्टरची चिठ्ठी वाचूक दिलात?"

नम्रताचं डोकं भडकलं होतं. बाहेर येऊन तिने बहिणीचा हात धरला.

"हात लावू नको, कोप होतलो," दाजी गुरकावला.

"होवंदे. ह्यो अंगात इलेलो अवसर न्हय, गोळयेचो परिणाम. ही गोळी डोक्यावर काम करता. कोणाकोणाची झोप उडता, भास होतत. ही तर कितीतरी पट खाता."

"मगे हिका सगळ्यांचा कसा कळता?"

"पंधरा वर्सां ह्याच वाडयेत नांदता. कोणाचो झील, कोणाची सून काय करता, ता तिका ठावक नाय? दाजी, तुमी खावा रोज एक. बघूया तुमच्यात कोण येता."

दाजी दोन पावलं मागे सरला. कुणीतरी खुदकन हसलं, आणि सर्वेशने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, झोपेचं औषध दिलं, मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. महिन्याने संचिता घरी आली, तर खळ्यात बाया नारळ घेऊन हजर.

"देवी नव्हती," ती म्हणाली. "मी आजारी होतंय. हसूचा आसात तर हसा. पण गोळी किती घेवची, ता कौलाक विचारू नकात. आणि गोळी घेवन डोक्यात काय वेगळा वाटला, तर पयलो डॉक्टर गाठा."

बायांमागून काशीबाई पुढे आली. तिने नारळ खाली ठेवला.

"माझी थायरॉइडची गोळी दाजीन कौल लावन दुप्पट केल्यान," ती पुटपुटली. "झोप नाय गो. कायबाय ऐकाक येता."

संचिताने पायात चपला सरकवल्या. "चल. चिठ्ठी घे, आताच जावया."