ब्रेकवरचा पाय

“मी सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, एवढी साधी गोष्ट आहे,” गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला घड्याळजी म्हणत होता, आणि हे वाक्य त्यानं त्या दुपारी इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचं त्यालाच ते भिंतीवरच्या घड्याळाच्या ठोक्यासारखं ऐकू यायला लागलं होतं. पेडलवर पाय ठेवून बसलेल्या त्याच्या बायकोनं मान वळवली नाही. सांगितलं तेव्हाच पाय उचलला, असं तिनं समोरच्या काचेला ऐकवलं, आणि ज्यांना आपण काय बोललो ते बोलल्याबरोबर विसरायला होतं त्यांनी दुसऱ्याच्या पायाचे हिशेब मांडू नयेत, अशी पुस्तीही जोडली. घड्याळजीनं पाना फरशीवर टाकला. टाकला म्हणजे आपटला नाही. आपटण्याइतका तो कधीच चिडत नसे, पण आवाज मात्र बायकोला पोचेल एवढा झाला.

भांडण जेवणं उरकल्यापासून चाललं होतं. नवरा-बायकोचं भांडण तसं जुन्याच कापडाचं असतं, नुसतं माप नवीन. पण या भांडणात एक अडचण होती. बायकोचा पाय चुकला असेल, हे घड्याळजीला मनातून पटत नव्हतं. अर्धं आयुष्य शिलाई मशीनच्या पायट्यावर काढलेली ती बाई. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, हातात दुसऱ्याच कापडाची घडी असताना, सुई कुठे थांबवायची ते तिचा पाय ठरवायचा, आणि सुई तिथेच थांबायची. या गाडीच्या ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला लग्न झाल्यापासून तीच पेडलवर बसत आली होती. त्यांची पद्धत ठरलेली होती. तो चाकाशी बसून “दाब” म्हणायचा, ती पेडल दाबून “धरलं” म्हणायची. तो चाकाजवळचं नीपल, हवा सोडायची ती बारीक चावी, ढिलं करायचा, बुडबुडे आणि तेल नळीतून बाटलीत उतरू द्यायचा, नीपल पुन्हा आवळायचा आणि मग “सोड” म्हणायचा. ती पाय उचलून “सोडलं” म्हणायची. त्यातला एक शब्द जरी आधी पडला तरी उघड्या नीपलातून हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. कालपर्यंत इतक्या वर्षांत एकदाही आधी पडला नव्हता. आज दुपारी मात्र प्रत्येक वेळी नीपल उघडं असतानाच गाडीतून “सोडलं” ऐकू येत होतं.

बायको चुकलेली असली तर सगळं ठीक होतं. ती चुकलेली नसली तर काय, या प्रश्नाच्या वाटेला घड्याळजीला जायचं नव्हतं, आणि म्हणूनच तो इतका जीव लावून भांडत होता. पुरुष असा पोटतिडकीनं भांडायला लागला की समजावं, त्याला भांडण जिंकायचं नसून त्याआड काहीतरी झाकायचं आहे.

कारण उद्या सकाळी त्यांची एकुलती एक मुलगी ही गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या शहरात, नव्या नोकरीवर रुजू व्हायला जाणार होती. घड्याळजी तिला कौतुकानं सरकार म्हणायचा. सरकारनं हट्टानं मागितलं होतं ते हेच. दागिने नकोत, घर लावायला भांडीकुंडी नकोत, बाबांची लाल गाडी द्या. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची ती जुनी स्पोर्ट्स कार घड्याळजीनं लग्नाच्याही आधी अर्धमेली विकत घेतली होती आणि तिच्यावर एवढा वेळ घालवला होता की बायको तिला उघडपणे सवत म्हणायची. सवत माझ्या लेकीबरोबर नांदायला चालली, असं तिनं कालपर्यंत हसून शेजारपाजारी सांगितलंही होतं. शहराचा रस्ता सगळा चढउताराचा, वळणावळणाचा. ब्रेकचं पेडल तर काही दिवसांपासून दगडासारखं घट्ट झालेलं, आणि ते दाबलं की बॉनेटखालून सापासारखा फुत्कार यायचा.

दोष बूस्टरचा होता. ब्रेक दाबताना माणसाच्या पायात जे बळ कमी पडतं ते इंजिनाच्या ओढीनं पुरवणारं हे पत्र्याचं चपटं डबडं. आत रबराचा पडदा असतो, आणि पडद्याला चीर गेली की सगळा भार एकट्या पायावर येतो. या गाडीचा नवा बूस्टर आता कुठेच मिळत नव्हता. शेवटी गावाबाहेरच्या एका भंगारवाल्याकडे याच मॉडेलच्या चेपलेल्या गाडीचा निघाला. तो माल चांगला असेल का, असं घड्याळजीनं दोनदा विचारल्यावर भंगारवाला हसला होता. ज्यानं ती गाडी दरीत घातली त्यानं म्हणे ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता, रस्त्यावर टायर घासल्याची एक रेघ नव्हती. मग बूस्टर बिघडायला कारणच काय? घड्याळजीही त्याच्याबरोबर हसला होता. घासाघीस करताना माणूस कशालाही हसतो.

घरी आणून त्यानं तो बूस्टर कामाच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायच्या दिव्याखाली ठेवला आणि त्याच्या तोंडावरचा झडपेचा तुकडा ओढून काढला. तेव्हा आवाज झाला. हवा बाहेर पडल्याचा नव्हे, आत गेल्याचा; पाण्याखाली बुडी मारून राहिलेल्या माणसानं वर आल्यावर ओढावा तसा एक लांब श्वास. इंजिनापासून तुटून, फळीवर धूळ खात एवढा काळ पडलेल्या डबड्यात ओढ शिल्लक असायचं कारण नव्हतं. घड्याळजीला मात्र आनंद झाला. सील काय पक्कं असेल, असं तो बायकोला बोलावून म्हणाला. बायकोनं दारातूनच पाहिलं. तिला ते धापा टाकल्यासारखं वाटलं, एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

बसवायला सकाळ गेली. या गाडीत स्टिअरिंगखाली डोकं घालून, मान मोडेपर्यंत वाकून चार बोल्ट काढावे लागतात, आणि जागा इतकी अडचणीची की तेलाच्या नळ्या सोडवल्याशिवाय जुना बूस्टर बाहेर येत नाही. नळ्या सोडवल्या की हवा शिरणारच. म्हणून बायको पेडलवर बसली, हवा काढली, आणि शेवटच्या चाकापाशी तिनं एकदाच “सोडलं” जरा आधी म्हटलं, तिकडे त्यानं काणाडोळा केला. मग इंजिन बंद ठेवून पेडल दाबून दाबून घट्ट केलं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं, आणि पेडल पायाखाली अलगद बोटभर खाली उतरलं. बूस्टर चांगला असल्याची खूण हीच. घड्याळजी एकटाच गाडी घेऊन पाण्याच्या टाकीच्या उताराकडे गेला.

त्या उतारावर काय झालं ते त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. ब्रेक लोण्यासारखा लागला होता. खालच्या चौकातून सायकलवरचा एक माणूस आडवा जात होता, गाडीचा वेग छान उतरत होता, आणि मग तो उतरायचा थांबला. ब्रेक निकामी झाला नव्हता. पायच ब्रेकवर नव्हता. आपण पाय कधी उचलला हे त्याला आठवेना. एवढंच आठवत होतं की उचलताना जराही वावगं वाटलं नाही, घरचं कुणी म्हणावं आणि आपण ऐकावं इतका तो सहज उचलला गेला. पुन्हा पाय मारला तेव्हा पुढचं चाक फुटपाथच्या कडेला खरवडून गाडी उभी राहिली होती, आणि सायकलवाला मागे वळून त्याच्याकडे बघत होता. घरी येऊन तो म्हणाला, पेडल खाली जातंय, हवा राहिलेली दिसते, पुन्हा बसावं लागेल. चाकावरचा ओरखडा त्यानं फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला. ओरखडा पुसला जात नाही हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

तेव्हा हवा राहिलेली असणं त्याला हवंच होतं. हवेचं काम सोपं. ती काढली की निघते.

दुपारी बायको पेडलवर येऊन बसली, तेव्हाही त्याला एक गोष्ट खटकली होती. शिवणाची पिशवी ती नेहमी शेजारच्या सीटवर ठेवायची. सकाळी तशीच ठेवली होती. आता मात्र ती पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडच्या बाजूला जराशी सरकून बसली. तिकडे ठेव की, असं तो म्हणाला तर ती असू दे म्हणाली. मग त्यांचं दाब, धरलं सुरू झालं, आणि पहिल्याच वेळी नीपल उघडं असताना गाडीतून “सोडलं” आलं. बाटलीतलं तेल नळीतून उलटं वर चढलं. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्यालाही. त्यानं आधी समजावलं, मग टोमणा मारला, मग वय झालं म्हणाला. तिनंही मग त्याचे कान काढले, डोळे काढले, शेवटी ही गाडी काढली. आवाज चढले, पण तिचा हात मांडीवरच्या पिशवीवरून हलला नाही.

अशात मुलगी शेडच्या दाराशी आली. तिचं सामान भरून झालं होतं. दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघून ती म्हणाली, की तुमचं लग्न कुणी जमवलं त्याला एकदा भेटायचंय मला. आई, तू ऊठ, मी बसते पेडलवर, उद्यापासून मलाच दाबायचाय तो ब्रेक.

“नको,” बायको म्हणाली.

ती ज्या तऱ्हेनं म्हणाली त्यानं घड्याळजीही वर बघायला लागला. का नको, असं त्यानं विचारलं, तर ती गाडीतून उतरली आणि गाडीच्या दारातच, मुलीची वाट अडवून उभी राहिली. यावर भांडण नव्यानं पेटलं. स्वतःला जमत नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही, असं घड्याळजी म्हणाला. पोरीला या गाडीतून पाठवायचंच नाही, बसनं जाऊ दे, असं बायको म्हणाली. हे आजच कुठून सुचलं, ठरवताना तोंड शिवलं होतं का, असं त्यानं विचारलं. बोलता बोलता दोघं मागच्या चाकापाशी समोरासमोर आली होती, आणि आईबापांच्या भांडणाला लहानपणापासून सरावलेली मुलगी त्यांना वळसा घालून केव्हाच सीटवर जाऊन बसली होती.

“धरलं हं, बाबा,” ती आतून म्हणाली.

बायको गर्रकन वळली. घड्याळजी पान्यासाठी खाली वाकला. पाना बोटांना लागतो न लागतो तोच आतून पुन्हा आवाज आला, हसरा, आज्ञाधारक.

“सोडलं.”

“अगं, मी अजून दाबसुद्धा म्हटलं नाही,” घड्याळजी म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. दाराच्या काचेतून त्याला मुलगी दिसत होती. पाय उचललेला, हात मांडीवर, आणि तोंड जरासं शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळलेलं, कुणी बोलत असलं की आपण वळवतो तसं. मायलेकी सारख्याच, दोघींनाही कानाच्या डॉक्टरला दाखवायला हवं, असं काहीसं तो बोलायला लागला, कारण बोलणं थांबलं असतं तर त्याला तो उतार आठवला असता, आणि खाली सायकलवाला. तो बोलतच राहिला, बायकोनं धावत जाऊन गाडीचं दार उघडलं, मुलीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं, तरी बोलतच राहिला, तेव्हा दंड न सोडता बायको त्याच्याकडे वळली.

“तुमचं ‘सोड’ मला ओळखू येतं, तुम्ही ओरडता,” ती म्हणाली, “हे शेजारच्या सीटवरून येत होतं, अगदी हळू, समजूत घातल्यासारखं.”